स्टुलावरून दिसणारी यादी

"कागद तुमच्या कपाटात, चावी तुमच्या कमरंला. मंग माज्या पोराला कळलं कसं?"

कोंडाजी ठोंबरे उंबऱ्यातच उभे होते. आत या म्हटलं तरी येईनात. खालापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या 'सबनीस टायपिंग'मध्ये हा माणूस वीस वर्षं येत होता, आणि आल्या आल्या स्टूल ओढून आधी चहा सांगत होता. आज चहाचं नाव नव्हतं. विष्णू सबनीसांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. काही सुचेनासं झालं की ते असंच करत.

प्रकरण असं होतं. कोंडाजींनी दोन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सबनीसांकडे मृत्युपत्र टाइप करून घेतलं होतं. जमीन सगळी मुलाला, ऋषिकेशला. फक्त घरामागच्या दोन खोल्या आणि पाच गुंठ्यांचं परसू बहिणीला, विमलबाईंना. विमलबाई विशीत विधवा होऊन माहेरी आल्या, त्याला चाळीस वर्षं झाली होती. वहिनी गेल्यावर ऋषिकेशला त्यांनीच वाढवला. पण आता गावात जमीन बघायला मुंबईच्या गाड्या येऊ लागल्या होत्या, आणि आपल्यामागे बहिणीला कोणी घराबाहेर काढू नये एवढीच म्हाताऱ्याची काळजी होती. साक्षीदार जमेपर्यंत कागद घरात नको, म्हणून त्यांनी तो सबनीसांच्या कपाटात ठेवायला दिला. "तुमच्या पोटात गेलेलं भायेर येत नाय, म्हून तुमच्याकडं आलो," असं ते त्या दिवशी म्हणाले होते. सबनीसांना ते ऐकून बरं वाटलं होतं, आणि का वाटू नये?

त्याच आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी ऋषिकेशने घरात जेवणाचं ताट भिरकावलं. सगळं आत्याच्या नावावर करून टाकलंत, मग मी काय हवा खाऊ, असं म्हणाला. तेव्हापासून विमलबाई मागच्या खोलीत वेगळा भात शिजवत होत्या, आणि सून त्यांच्याशी अवाक्षर बोलत नव्हती. ताट भिरकावणाऱ्या पोराला कोंडाजी एक शब्द समजावणार नव्हते. त्यांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग इथे आले.

"चाळीस वर्सं त्या बाईनं मान खाली घालून काढली," ते म्हणाले. "आता म्हातारपनी तिला ऐकावं लागतंय. मी कुनाला बोललो नाय, साक्षीदारांनाबी आत काय लिवलंय ते ठावं नाय, वकिलाकडं गेलो नाय. मंग येक तर तुमी, नायतर तुमच्या हितली ती बाई. सबनीसभाऊ, तुमी बघा काय ते."

एवढं बोलून ते गेले. सबनीसांनी दार लोटलं आणि कपाट उघडलं. पाकीट जागेवर होतं. त्यावर बांधलेल्या दोऱ्याची गाठही त्यांच्याच हातची होती, ती ते झोपेतही ओळखतील. म्हणजे कागद हलला नव्हता, पण गोष्ट हलली होती.

सबनीसांचं वय एकोणसाठ. घर कर्जतच्या बाजारपेठेमागे. चौतीस वर्षं रोज स्कूटरवरून खालापूर गाठायचं आणि उन्हं उतरली की परत फिरायचं. या माणसाने आयुष्यात काय मिळवलं असं कोणी विचारलं असतं, तर दाखवायला फारसं काही नव्हतं. पण एक गोष्ट तालुक्यात कोणीही मान्य केली असती. सबनीसांकडे टाइप झालेला कागद बोलत नाही. भावाभावांच्या वाटण्या, बहिणींची हक्कसोडपत्रं, नवराबायकोचे काडीमोड, दत्तकाची प्रकरणं, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं होतं. चहाच्या टपरीवर चार माणसं कोणाचा विषय काढून बसली की सबनीस आपला कप घेऊन लांब जाऊन उभे राहत.

टाइपरायटरच्या काळात ते वापरलेला कार्बनसुद्धा दुकानात टाकत नसत. कार्बन उजेडात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं, आणि कचेरीच्या आवारात असले कार्बन उचलून वाचणारे रिकामटेकडे पुष्कळ. दिवसभराचे कार्बन पिशवीत घालून ते कर्जतला नेत आणि सकाळी बंबात घालत. त्यांची बायको सरोजिनी म्हणायची, "आपल्याकडे आंघोळीचं पाणी लोकांच्या भांडणांवर तापतं." पुढे कंप्युटर आला आणि कार्बन गेले. बंबाच्या जागी गीझर आला. आता जाळण्यासारखं काही उरलं नाही असं समजून सबनीस निर्धास्त झाले होते.

कागद जागेवर आहे म्हटल्यावर राहिला कंप्युटर. आणि कंप्युटर म्हणजे रूपाली.

रूपाली शिळफाट्याला राहायची आणि तिथून रिक्षाने यायची. तिशी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, बोलायला कमी. नवरा कारखान्यात कंत्राटी कामावर, मुलगी चौथीत. सहा वर्षं ती सबनीसांकडे होती. सबनीस हाताने मसुदा लिहीत, ती टाइप करी, गिऱ्हाईक स्टुलावर बसून नाव-गाव-गट नंबर तपासून घेई, आणि मग छपाई. कोंडाजींचं मृत्युपत्रही तिनेच टाइप केलं होतं. तेव्हा तिने मान वर करून एवढंच म्हटलं होतं, की आजोबांनी चांगलं केलं.

त्या दिवशी ती नेहमीसारखी दहाला आली, डबा खिडकीत ठेवला, देवाच्या फोटोला हात जोडले. सबनीस बघत होते. सहा वर्षांत त्यांनी तिच्याकडे असं निरखून कधी पाहिलं नव्हतं. ऋषिकेश नोकरीला कुठे? शिळफाट्याच्या पुढच्या कारखान्यात. ही राहते कुठे? शिळफाट्याला. बरं, ज्या आठवड्यात हे फुटलं त्या आठवड्यात बुधवार ते शनिवार ही रजेवर होती. मुलीला ताप आहे म्हणाली. ताप होता की नव्हता, कोणी पाहिलं? शंकेची पाल एकदा चुकचुकली की थांबत नाही. बाईने साधं पाणी प्यायला मान वर केली तरी आता ती सबनीसांना आपल्याकडे चोरून बघते आहे असं वाटू लागलं.

त्यातच त्यांना एक गोष्ट आठवली. रोज साडेपाचला दुकान बंद करताना ते शटर ओढायला बाहेर जात. ही तेवढ्यात कंप्युटरवर काहीतरी दोन-तीनदा टकटक करी आणि मग मशीन बंद करी. काय करत होती?

संध्याकाळी ते शटरकडे गेलेच नाहीत. देवाच्या फोटोला हार घालायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. फोटोच्या काचेत स्क्रीन दिसत होती. रूपालीने वर्ड उघडलं. दिवसभरात उघडलेल्या फायलींची लांबलचक यादी समोर आली. तिने बटण दाबलं, यादी गेली. मग फायलींच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथलीही तशीच घालवली. "निघते काका," म्हणून ती गेली. रिक्षा वळल्याची खात्री करून सबनीसांनी मशीन परत चालू केलं. त्या दिवशी तेरा कामं झाली होती. यादीत एकाचंही नाव नव्हतं. पांढरी, कोरी जागा.

 ज्याला लपवायचं असतं तोच पुसतो, हे त्यांनी चौतीस वर्षं कचेरीसमोर बसून पाहिलं होतं.

रात्री जेवताना त्यांनी सरोजिनीला सगळं सांगितलं. गिऱ्हाइकाचं नाव मात्र घेतलं नाही, बायकोजवळही नाही. सरोजिनीने शांतपणे ऐकून घेतलं आणि ताटात आमटी वाढली.

"तिलाच विचारा की," ती म्हणाली.

"चोर कधी कबूल करतो का?"

"पुसलं म्हणजे चोरलं असं कुठे असतं? मी रोज ओटा पुसते."

बायकांना यातलं कळत नाही असं सबनीस मनात म्हणाले. मोठ्याने म्हणायची त्यांची टाप नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं. तेही सरळ नाही. फायली उघडल्याची यादी मशीन ठेवतं म्हणतात, आपल्याकडे ती दिसत कशी नाही, असं भोळेपणाचा आव आणून विचारलं. रूपालीचे हात थांबले. ती म्हणाली, "मी पुसते ना रोज. लोक स्टुलावर बसतात, यादी बरोबर त्यांच्या तोंडासमोर येते. त्यात आपली नावं लांबलचक, सगळंच कळतं. मी तुम्हाला मागे बोलले होते काका. तुम्ही म्हणालात, मला त्यातलं कळत नाही, तुला योग्य वाटेल ते कर."

सबनीसांना असं काही बोलणं झाल्याचं आठवेना. आठवेना म्हणजे झालंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. न सांगितलेलं काम सहा वर्षं रोज कोण करतं? आणि करायचंच तर मी बाहेर गेल्यावरच का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आधीच तयार होतं, म्हणून त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

"काही झालंय का?" रूपालीने विचारलं.

"नाही. काही नाही."

तिला कोंडाजींचं नाव सांगितलं असतं, घरात ताट कधी भिरकावलं गेलं ते सांगितलं असतं, तर गोष्ट तिथेच उलगडली असती. पण संशयाने पछाडलेला माणूस हातातले पत्ते दाखवत नाही. सबनीसांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या झेरॉक्सवाल्या किरणला बोलावून मशीनचा पासवर्ड बदलून घेतला. या किरणच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. किरणने डोळा बारीक करून विचारलं, बाईचं काही लफडं झालं वाटतं? सबनीस काही बोलले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत, आणि किरणला तेवढं पुरलं.

सकाळी रूपाली आली. डबा खिडकीत ठेवला, हात जोडले, खुर्ची ओढली. पासवर्ड टाकला, चुकीचा आला. बोटं चुकली असतील म्हणून सावकाश पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. सबनीस खिडकीतून तहसीलच्या आवारातली रांग बघत होते. त्यांनी ती रांग इतक्या लक्ष देऊन कधी पाहिली नव्हती.  मग पाठीमागे खुर्ची सरकली.

तिने खणातून आपला कंगवा, मुलीच्या शाळेचा फोटो आणि गोळ्यांची पट्टी काढून पर्समध्ये टाकली. डबा उचलला.

"काका, पासवर्ड बदलायचा होता तर फोन करायचा. मी आलेच नसते," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. सबनीसांनी तिला थांबवलं नाही. ती उंबरा उतरून गेल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच त्या हलकेपणाची लाज वाटली. पण त्यांनी ती बाजूला सारली. दुपारी कोंडाजींना फोन करून सांगितलं की बाईला काढली. पलीकडून कोंडाजी म्हणाले, बरं केलंत. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. घरातली वेगळी चूल काही त्याने विझणार नव्हती.

दोन दिवसांत आवारात सगळीकडे झालं, की सबनीसांकडची बाई कागद फोडायची. किरणने आपलं काम चोख केलं होतं. ते बोलणं रिक्षातून शिळफाट्यापर्यंत गेलं असणार, हे सबनीसांना कळत होतं. त्यांनी ते थांबवायला बोट उचललं नाही. दोष कोणावर तरी बसला होता आणि तो त्यांच्यावर नव्हता.

कामं मात्र आता एकट्याने करावी लागत होती. मसुदा तेच लिहीत, टाइप तेच करीत, आणि फायलीला नावही तेच देत. नाव द्यायची त्यांची जुनी पद्धत होती. कार्बन प्रतींच्या गठ्ठ्यावर ते चिठ्ठी लावत, त्या चिठ्ठीसारखंच सगळं सविस्तर: माणूस, काम, आणि कोणाच्या नावे. मागाहून शोधायला सोपं जातं.

आठवडा गेला. मंगळवारी समीक्षा नावाची अंगणवाडी सेविका बदलीचा अर्ज टाइप करायला आली. चांगली हसतमुख मुलगी, आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना ओळखणारी. ती स्टुलावर बसली. सबनीसांनी वर्ड उघडलं आणि कोरा कागद घ्यायला पाठीमागच्या कपाटाकडे वळले. कागद कुठे ठेवलाय ते लवकर सापडेना. रूपाली ठेवायची.

"अय्या," समीक्षा पाठीमागून म्हणाली, "राजेश आणि पारू घटस्फोट घेतायत? परवा तर हळदीकुंकवाला आली होती पारू."

सबनीस वळले.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? हे काय, लिहिलंय की इथे." तिने बोट केलं. मग त्यांचा चेहरा बघून ओशाळली आणि म्हणाली, "मी मुद्दाम नाही वाचलं काका. समोरच आलं."

सबनीसांनी तिला हात जोडले. हे कोणाला बोलू नकोस, एवढंच कसंबसं म्हणाले. तिने मान हलवली, अर्ज करून घेतला आणि गेली. तिने ते पोटात ठेवलं की नाही देव जाणे.

ती गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि जाऊन स्टुलावर बसले. चौतीस वर्षांत ते त्या स्टुलावर कधी बसले नव्हते. त्यांची जागा टेबलाच्या पलीकडे. तिथून स्क्रीन तिरपी दिसायची, आणि मसुदा लिहिताना तर तीही दिसत नसे. आता आठवडाभर ते रूपालीच्या खुर्चीत बसत होते, पण त्यांची नजर कीबोर्डवरच असायची. स्टुलावरून ती थेट समोर होती. यादी खालपर्यंत भरली होती. राजेश, घटस्फोट संमती, पारूच्या नावे. त्याच्याखाली एका घरातलं दत्तक. त्याच्याखाली तिघी बहिणींचं हक्कसोड, भावाच्या नावे. कोणाचं काय आणि कोणासाठी, सगळं त्यांच्याच हाताने नीट लिहिलेलं होतं.

ते उठून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेले. मागचं पान उलटलं. रूपालीची रजा ते तारखेच्या चौकटीत लिहून ठेवत. बुधवार ते शनिवार, चारी चौकटींत 'रू. रजा' लिहिलेलं. गुरुवारच्या चौकटीत आणखी एक बारीक ओळ होती: 'कों. ठों. साक्षीदार बदल'. कोंडाजींनी फोन करून एका साक्षीदाराचं नाव बदलायला सांगितलं होतं, आणि ती फाइल सबनीसांनी स्वतः उघडली होती. त्या संध्याकाळी यादी पुसायला कोणी नव्हतं. आणि शुक्रवारी?

शुक्रवारी ऋषिकेश आला होता. उत्पन्नाच्या दाखल्याचं प्रतिज्ञापत्र करायला. याच स्टुलावर बसला होता. सबनीस पाठीमागे कागद शोधत असताना तो एकाएकी उठला, मोबाईल वाजला म्हणाला आणि काम अर्धवट टाकून गेला. मोबाईल वाजलेला सबनीसांनी ऐकला नव्हता. तेव्हा त्यांना त्यात काही वाटलं नव्हतं. सहा वर्षं विश्वासाने काम करणाऱ्या बाईच्या पाणी पिण्याचा संशय घेणाऱ्या माणसाला याचा संशय आला नव्हता.

कोंडाजींचे शब्द आता त्यांच्या कानात वाजू लागले. पोरगा म्हणाला, सगळं आत्याच्या नावावर केलं. अहो, मृत्युपत्रात तर फक्त दोन खोल्या आणि पाच गुंठे होते. रूपालीने ते अक्षर न् अक्षर टाइप केलं होतं. ती बोलली असती तर खरं तेच बोलली असती. ज्याने फक्त फायलीचं नाव वाचलं, त्यालाच असं वाटणार. कोंडाजी ठोंबरे, मृत्युपत्र, विमलबाई बहिणीच्या नावे. कागद मुळात बहिणीच्या काळजीने केलेला, म्हणून फायलीच्या नावात तेवढंच आलं होतं. जी रजा त्यांनी तिच्याविरुद्ध पुरावा धरली, तीच तिची साक्षीदार होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. सबनीसांनी तर वळसा घालताना एका बाईला पायाखाली घेतलं होतं.

 त्यांना रडू आलं, पण एकोणसाठाव्या वर्षी दुकानात बसून रडायची सवय नसल्यामुळे ते अर्धवटच आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता त्यांनी पाकीट पिशवीत घातलं आणि पाताळगंगा नदीपलीकडे कोंडाजींच्या गावी गेले. विमलबाई मागच्या पडवीत वाल सोलत होत्या. ऋषिकेशची साप्ताहिक सुट्टी होती, तो ओट्यावर मोबाईल बघत बसला होता. सबनीसांनी त्याच्या देखतच कोंडाजींना सांगितलं की बाईचा दोष नव्हता, माझा होता. मग ऋषिकेशकडे वळून विचारलं, तुला कोणी सांगितलं ते आता तूच सांग.

ऋषिकेशने आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाला, "कुनी नाय. तुमच्या कंप्युटरवर लिवलं व्हतं, मी वाचलं. वाचायचं नव्हतं तं माज्यासमोर ठेवलं कशाला?"

 सबनीसांनी पाकीट कोंडाजींच्या हातात दिलं. तुमची परवानगी असेल तर कागदात काय आहे ते मी वाचून दाखवतो, म्हणजे निदान गैरसमज तरी जाईल, असं म्हणाले. कोंडाजींनी थोडा विचार करून मान हलवली. सबनीसांनी उभ्यानेच वाचलं. जमिनीचे गट सगळे ऋषिकेशला. दोन खोल्या आणि परसू विमलबाईंना, त्यांच्या हयातीत आणि पुढे त्या म्हणतील तसं. वाचून संपलं तेव्हा ऋषिकेशची मान खाली होती. सून दारात येऊन उभी राहिली होती. विमलबाईंचे हात मात्र वाल सोलायचे थांबले नव्हते.

"मला दोन खोल्यासुदीक नको व्हत्या," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "यानं इचारलं असतं तं मीच नाय म्हनले असते. पन ताट फेकलं ना यानं, आता मला पायजेत."

ऋषिकेश उठून आत गेला. सबनीस निघाले तेव्हा कोंडाजी त्यांना पायवाटेपर्यंत सोडायला आले. चालता चालता म्हणाले, "खरं सांगाया आलात, ह्ये बरं केलंत. पन कागद आता मी दुसरीकडं करीन, सबनीसभाऊ. राग नगं." सबनीस म्हणाले, राग कसला. स्कूटरला किक मारायला त्यांना तीन वेळा पाय उचलावा लागला.

तिथून ते घरी गेले नाहीत. शिळफाट्याच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारं एक अरुंद दुकान होतं. रूपाली तिथे बसते हे त्यांना रिक्षावाल्याकडून कळलं. दुपारची वेळ होती. त्यांना दारात बघून ती उठली नाही. तिने आधी कंप्युटरवर उघडा असलेला फॉर्म मिटवला, स्क्रीनवर नुसतं डोंगराचं चित्र उरलं, आणि मग म्हणाली, "बोला काका."

सबनीस तिच्यासमोरच्या स्टुलावर बसले. रस्ताभर जे जे जुळवलं होतं ते सगळं त्यांनी सोडून दिलं. शेवटी ते म्हणाले, "एक कागद टाइप करायचाय. मी सांगतो, तू लिही."

रूपालीने कोरं पान उघडलं.

"दाखला," सबनीसांनी सुरुवात केली. तिच्या हातांकडे बघत ते सावकाश सांगत गेले. "सौ. रूपाली यांनी आमच्याकडे सहा वर्षे टंकलेखनाचे काम केले. या काळात त्यांच्या हातून कोणाचीही गोष्ट बाहेर गेली नाही. जी गेली ती माझ्या चुकीने गेली, आणि त्याचा आळ मी त्यांच्यावर घेतला."

पहिली दोन वाक्यं भराभर उमटली. तिसऱ्याला तिची बोटं थांबली.

"काका, हे दाखल्यात लिहीत नाहीत."

"मला माहीत आहे. लिही."

तिने लिहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ते तिने स्क्रीनवरून हलवले नाहीत. सबनीसांनी दोन प्रती काढायला सांगितल्या. एक तुझी, दुसरी मी दुकानाच्या दारावर लावणार, असं म्हणाले. तिने एकवार त्यांच्याकडे पाहिलं. तहसीलसमोरच्या दारावर तो कागद लागला की चौतीस वर्षांच्या त्या नावाचं काय होणार, ते दोघांनाही कळत होतं. तिने विरोध केला नाही. सबनीसांनी दोन्ही प्रतींवर सही केली. सही नेहमीसारखीच स्वच्छ आली.

"परत येशील का?" त्यांनी विचारलं.

"इथे बरं आहे. घर जवळ पडतं," रूपाली म्हणाली. मग तिने विचारलं, "विमलबाई कशा आहेत?"

"वाल सोलतायत."

तिने मान हलवली. सबनीस आपली प्रत घडी करून खिशात ठेवू लागले. तेवढ्यात एक माणूस फॉर्मचे कागद घेऊन आत आला आणि स्टूल रिकामं होईल म्हणून जवळ उभा राहिला. रूपालीने त्याला हाताने जरा मागे थांबवलं. स्क्रीनवर यादी आली होती आणि तिच्यात सगळ्यांत वर 'सबनीस दाखला' असं लिहिलेलं होतं. तिने ती यादी पुसली. मग त्या माणसाला म्हणाली, "हां, बसा आता."